चिमणीचा रोजा आणि वाकडा टाका

रमजान महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. कधी ऐन पावसाळ्यात येतो, कधी थंडीत. गेल्या काही वर्षांत तो फाल्गुन-चैत्राच्या आसपास येत आहे. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी गुढीपाडवा आणि ईद एक-दोन दिवसांच्या अंतराने आले, हे अनेकांच्या लक्षात असेल. मुळशी तालुक्यातल्या जुन्या घरांच्या हिशेबात हे दिवस आणखी एका कामाचे. शेतातली घाई ओसरलेली असते, ऊन कडक असते, धुतलेले कापड बघता बघता खडखडीत वाळते आणि पुढे पावसाळा उभा असतो. ताम्हिणीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना कोरड्या पांघरुणाची किंमत सांगावी लागत नाही. म्हणून गोधडी शिवायची ती उन्हाळ्यात.

रमजान आणि गोधडीचे दिवस असे एकत्र आले आहेत, तर त्याचा फायदा घेता येईल. रोजे ठेवणाऱ्या घरात दुपारची अस्रची नमाज आणि सूर्यास्ताची मगरिब यांच्यामधला वेळ सर्वांत जड जातो. मुले शाळेतून आलेली असतात. मोठ्यांच्या पोटात भूक असते, घशाला कोरड असते आणि घड्याळ पुढे सरकत नाही. हा वेळ बहुतेक घरांत टीव्ही आणि मोबाइल खाऊन टाकतात. त्यातला रोजचा एक तास मुलांना हाताशी घेऊन बसले, तर घरातली पहिली गोधडी ईदपर्यंत तयार होते. रोजे नसलेल्या घरांनाही उन्हाळ्याची सुट्टी आहेच. सुई-दोऱ्याला धर्म विचारावा लागत नाही.

लोकरीची खेळणी

रोजाच्या वेळात मुलांचे मन कशात तरी गुंतवायचे, ही कल्पना नवी नाही. मदिनेतल्या रुबय्यि बिन्ते मुअव्विज या सहाबी स्त्रीने सांगितलेली एक हकीकत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. ती आशुराच्या रोजाविषयी आहे. त्या दिवशी मोठी माणसे रोजा ठेवत आणि लहान मुलांनाही ठेवायला लावत. मुलांसाठी लोकरीची खेळणी बनवून ठेवलेली असत. एखादे मूल खाण्यासाठी रडू लागले की इफ्तारची वेळ होईपर्यंत त्याच्या हातात ते खेळणे देत. पैगंबरसाहेब स्वतः घरी आपले कपडे शिवत आणि पादत्राणे दुरुस्त करत, असे हजरत आयशा यांनी सांगितल्याचेही हदीसमध्ये आहे. तेव्हा धाग्याचे काम आणि रोजाचे घर यांची ओळख जुनी आहे.

लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. पण घरातले सगळे पहाटे सहरीला उठतात तेव्हा मुलेही डोळे चोळत उठून बसतात आणि आम्हीही रोजा ठेवणार म्हणून हट्ट धरतात. त्यावर जुन्या माणसांनी तोड काढली आहे. दुपारपर्यंतचा अर्धा रोजा. त्याला कुठे ‘चिडिया रोजा’ म्हणतात. मराठीत म्हणायचे तर चिमणीचा रोजा. दुपारी मूल जेवते आणि पुन्हा सगळ्यांबरोबर इफ्तारलाही बसते. त्याला कोणी हसत नाही. दादी तर शेजारी-पाजारी सांगत सुटते की आज आमच्या पोराचा रोजा आहे. अर्धा असला तरी तो रोजाच धरला जातो, आणि त्यातूनच पुढे कधीतरी तो पुरा होतो.

मुलाने गोधडीत घातलेला टाका हा असाच चिमणीचा रोजा आहे. पण इथे मोठ्यांचे वागणे बदलते. टाका वाकडा गेला, एक लांब आणि एक आखूड आला, की आईचा हात शिवशिवतो. मूल झोपल्यावर ती हळूच ते टाके उसवते आणि सरळ घालून ठेवते. दुसऱ्या दिवशी मूल आपले टाके शोधते आणि ते सापडत नाहीत. त्यानंतर ते सुई हातात का घेत नाही, याचे उत्तर मग घरात कोणाकडे नसते. मुलांबरोबर गोधडी शिवायला बसणाऱ्याने आधी एवढे एकच ठरवून घ्यावे, की वाकडा टाका उसवायचा नाही.

आधी कापड

पहिले पाच दिवस कापड जमवण्याचे. गोधडीला लागते जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड. लुगडी, धोतरे, सुती ओढण्या, सदरे, लेंगे, चादरी यांतले काहीही चालते. गावाकडच्या कित्येक मुस्लिम घरांतल्या मागच्या पिढीतल्या बायकाही लुगडेच नेसत. आज कपाटे भरलेली असतात ती पॉलिस्टरच्या साड्यांनी. हे कापड घाम शोषत नाही, एका थरावरून दुसरा थर घसरतो आणि मुलांच्या हातातली सुई त्यावरून सटकते. सुती कापड ओळखण्याचे काम मुलांनाच द्यावे. कापडावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. चटकन आत मुरला तर कापड घ्यायचे. मण्यासारखा वर उभा राहिला तर ते बाजूला ठेवायचे. चार वर्षांचे मूलही हे काम तासभर आनंदाने करते.

घरात सुती लुगडे नसेल तर शेजारच्या काकूंकडे किंवा आजींकडे मागावे. मात्र ज्याचे त्याला विचारून. आईच्या, सासूच्या लुगड्यात माणसांचा जीव अडकलेला असतो, आणि देणाऱ्याला ते कशासाठी जाते आहे हे कळले पाहिजे. रमजानमध्ये इफ्तारीची ताटली रुमाल झाकून शेजारी जाते आणि ती रिकामी परत येत नाही, ही आपल्याकडची रीत आहे. एखाद्या दिवशी त्या ताटलीबरोबर जुने लुगडे परत आले तर मुलांना शेजार म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

जमलेले कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. खळ राहिली तर सुई आत जात नाही. रंग जाणारे कापड वेगळे भिजवून बघावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरे ठिगळ गुलाबी होते. गुंड्या, हुक, चेन, जाड शिवणी काढून टाकाव्यात. गुंड्या काढून रंगांप्रमाणे वाट्यांत भरणे हे पुन्हा मुलांचेच काम. त्या नाकात-तोंडात घालणारे तान्हे मूल घरात असेल तर मात्र वाट्या वर ठेवाव्यात.

माप आणि हिशेब

पहिली गोधडी मोठ्या माणसाची करू नये. ती अर्ध्यावर राहते, आणि अर्ध्यावर राहिलेली गोधडी मुलांच्या मनातही अर्धीच राहते. तीन फूट बाय चार फूट हे माप पुरे आहे. लहान मुलाच्या अंगावर येते, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर येते. थर तीन किंवा चार असावेत. खाली एकसंध लुगड्याचा तुकडा, मध्ये एक-दोन थर विरलेल्या कापडाचे, वर मुलांनी मांडलेली ठिगळे. यापेक्षा जास्त थर झाले तर मुलांच्या बोटांना सुई ओढवत नाही.

टाक्यांचा हिशेबही मुलांना करायला लावावा. दोन ओळींत तीन सेंटिमीटर अंतर धरले, तर एवढ्या गोधडीत साधारण ३७ मीटर शिवण होते. ऐकायला ते फार वाटते. पण वीस दिवसांत वाटले तर रोजचे दोन मीटरही भरत नाहीत. आईने दीड मीटर घातले आणि दोन मुलांनी वीत-वीत घातली की दिवसाचे काम होते. तीसऐवजी एकोणतीस रोजे झाले तरी अडत नाही. पहिले पाच दिवस कापडाचे, पुढचे वीस टाक्यांचे, उरलेले काठ दुमडून शिवण्याचे आणि धुण्याचे. शेवटच्या दहा दिवसांत, म्हणजे शेवटच्या अशऱ्यात, रात्रीच्या इबादतीचे आणि ईदच्या तयारीचे काम वाढते. त्यामुळे तेव्हा रोज अर्धा तास मिळाला तरी पुरे.

शिवायला बसण्याआधी कापड जमिनीवर ताणून पसरावे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, असे काहीतरी जड ठेवावे, किंवा एका कोपऱ्यावर मुलालाच बसवावे. मग मधून बाहेरच्या बाजूला लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवावेत. हे काम मोठ्यांचे. ते टाळले तर पुढे झोळ पडतो, आणि तो मुलांच्या टाक्यांमुळे पडला असे उगीच म्हटले जाते.

कोणाच्या हाताला काय

शिवण काठापासून सुरू होते. चारही बाजूंनी एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असे करत मध्यभागी पोहोचायचे. टाका साधा धावदोरा. दोरा जाड सुती, दुहेरी, आणि दुहेरी केल्यावर हातभरच राहील एवढा. लांब दोरा गुंततो आणि मुलांचा धीर तिथेच सुटतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांनी ठिगळे निवडावीत, मांडावीत, आणि मोठ्याने आत घातलेली सुई पलीकडून ओढून घ्यावी. सहा-सात वर्षांच्या मुलांना बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई द्यावी आणि खडूने रेघ मारून द्यावी. बोथट सुई अडली तर तेवढ्यापुरते छिद्र मोठ्याने पाडून द्यावे. नऊ-दहा वर्षांचे मूल पुरी ओळ एकट्याने घालू शकते. मुलगा असो की मुलगी, यात फरक करू नये. शिंप्याच्या दुकानात पुरुषच बसलेला असतो हे मुलांनी पाहिलेलेच आहे.

सुईत दोरा ओवायचे काम तर मुलांशिवाय होतच नाही. दादीला नेढे दिसत नाही. रोजा असलेली आई दोऱ्याचे टोक नेहमीसारखे ओठांत धरत नाही, ती वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ते ओले करते. चिमणीचा रोजा सोडून बसलेल्या पोराला ती अडचण नसते. चार सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. सुया मोजून काढायच्या आणि मोजूनच ठेवायच्या, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक हवा. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही.

बोटाला सुई टोचणार. एखादे मूल रडणार, एखादे तो थेंब बघून खूश होणार. अंगुस्तान मोठ्यांच्या मापाचे असते. मुलांच्या बोटाला कापडाची पट्टी गुंडाळली की काम भागते.

वाकडा टाका राहू द्यायचा असे वर म्हटले. पण पोकळ टाका राहू देऊ नये. वरच्या दोन थरांतून गेलेला आणि खालच्या कापडापर्यंत न पोहोचलेला टाका कितीही सरळ असला तरी तो काही धरून ठेवत नाही. रोज उठण्यापूर्वी गोधडी उलटी करायची आणि मुलाने आपली ओळ मागच्या बाजूने बघायची. जिथे टाका दिसत नाही तिथला मुलाने स्वतः काढायचा आणि स्वतः पुन्हा घालायचा. दिसायला वाकडे आणि कामाला कच्चे यांतला फरक असा डोळ्यांनी कळतो. पुढच्या आयुष्यात अभ्यासापासून नोकरीपर्यंत तो उपयोगी पडतो.

एका कापडाची अनेक नावे

मुळशी तालुका घर सोडण्याची गोष्ट जाणतो. निळा आणि मुळा नद्यांच्या पाण्यावर टाटांचे धरण झाले. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, बायाबापड्यांसह शेतकरी तुरुंगात गेले, आणि तरीही गावे पाण्याखाली गेली. घर उठले की भिंती नेता येत नाहीत. भांडी आणि अंथरूण-पांघरूण तेवढे नेता येते. आज त्याच तालुक्यात हिंजवडी आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, आणि आपापले घर मागे ठेवून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या गाठोड्यातही पांघरूण असते. शेजारीण कोल्हापूरकडची असेल तर ती गोधडीला वाकळ म्हणेल. उत्तर कर्नाटकातली असेल तर कौदी म्हणेल. बिहारची असेल तर सुजनी, बंगालची असेल तर कांथा. सिंध आणि राजस्थानच्या बाजूला तिला रल्ली म्हणतात. टाका सगळीकडे जवळपास तोच.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. या समाजात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. पण तिन्ही घरांतल्या बायका शिवतात ती कवंडी एकाच रीतीची. काठापासून सुरू होऊन मध्यात संपणारी, आणि कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून केलेली फुले असलेली. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रभर फिरून इथल्या गोधड्यांवर पुस्तक केले, तेव्हा घराघरांतल्या या कामाकडे कला म्हणून बघण्याची सवय शहरी वाचकाला लागली. शिवणाऱ्या बायकांनी तिला कला म्हटले नव्हते. त्यांना थंडी घालवायची होती.

गोधडीत कापूस नसतो. कापूस असतो तो रजईत आणि गादीत, आणि तो पिंजून देणारा पिंजारी महाराष्ट्रात बहुधा मुस्लिम. नदाफ, मन्सुरी ही त्याच समाजाची नावे. अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. इसवी सन ९२२ मध्ये बगदादेत मृत्युदंड झालेले सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी हा समाज आपले नाव जोडतो. खांद्यावर पिंजण घेऊन तारेचा आवाज करत दारोदार फिरणारा पिंजारी आता यंत्रांमुळे दिसेनासा झाला. पण कित्येक हिंदू घरांतल्या लग्नाच्या गाद्या त्याच्याच हातच्या होत्या.

भाषेतही हीच सरमिसळ आहे. सुई, दोरा, टाका हे शब्द इथल्या मातीतले. अस्तर, चादर, अंगुस्तान फारसीतून आलेले. कैची तुर्कीतून आलेली. गोधडी शिवताना हे सगळे शब्द एकाच वाक्यात येतात आणि कोणाला ते खटकत नाही. पंढरीच्या विठोबाने जनाबाईची वाकळ पांघरून राउळ गाठले आणि आपले पदक तिच्या घरी विसरला, ही कथा वारकरी घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. ठिगळ लावलेले वस्त्र अंगावर घेणारे खलिफा हजरत उमर यांच्या गोष्टी मुस्लिम घरांत ऐकवल्या जातात. शिवायला बसल्यावर मुलांना दोन्ही सांगाव्यात. हात चालू असला की मुले गोष्ट नीट ऐकतात.

पहिली गोधडी कोणाची

रमजान हा देण्याचा महिना. जकात द्यायची, ईदच्या नमाजीपूर्वी फितरा द्यायचा. म्हणून मुलांनी केलेली गोधडी ईदला एखाद्या गरजूला द्यावी, असे कोणाही मोठ्या माणसाच्या मनात पहिल्यांदा येते. तिथे थोडे थांबावे. आपल्याला प्रिय असलेल्यातून द्या, टाकाऊ ते देण्यासाठी निवडू नका, ही कुराणाची शिकवण आहे. कपाटातले फाटके कपडे पिशवीत भरून देणे म्हणजे दान नव्हे, हे मुलांना या निमित्ताने जरूर सांगावे. तेच जुने कापड धुऊन, निवडून, महिनाभर बसून शिवले की देण्याजोगे होते. हा फरक मुलांना स्वतःच्या बोटांनी समजलेला असतो.

पण प्रिय वस्तू देण्याचा निर्णय ज्याला ती प्रिय आहे त्याचाच हवा. मोठ्यांनी ठरवले आणि मुलाची गोधडी उचलून देऊन टाकली, तर मुलाच्या लक्षात राहते ते एवढेच, की आपली वस्तू आपल्याला न विचारता गेली. रोजा जसा जबरदस्तीने ठेवून घेत नाहीत, तसेच हे. मुलाला विचारावे. ते दादीला देईल, नव्या बाळाला देईल, बांधकामावर राहणाऱ्या एखाद्या कुटुंबातल्या सोबत्याला देईल, किंवा नाही म्हणेल. नाही म्हटले तर पहिली गोधडी त्याच्याच अंथरुणावर असू द्यावी. शिवायला ते आता शिकले आहे. दुसरी गोधडी द्यायची म्हणून शिवायला घेता येते, आणि त्यासाठी जूनपर्यंत वेळ आहे.

शिवून झाल्यावर कच्चे टाके काढून टाकावेत. गोधडी कोमट पाण्यात धुऊन दिवसभर उन्हात टाकावी. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात मुलांची नावे आणि वर्ष दोऱ्यानेच घालावे. पुढच्या रमजानला हेच मूल पुन्हा सुई घेईल तेव्हा त्याचा टाका बराच सरळ आलेला असेल. किती सरळ आला ते त्याला बघायचे असेल, आणि त्यासाठी या वर्षीचे वाकडे टाके जागेवर असायला हवेत.